काकूंची ऑर्किड्स आणि माझं काहीच न करणं

काहीच न करण्यात माझा हात धरणारा अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या सनीव्हेलमध्ये कुणी नाही! म्हणून तर शेजारच्या सुलभाकाकूंनी नाशिकला जाताना बॅकयार्डची किल्ली माझ्याकडे दिली.

"सुमंत, माझी ऑर्किड्स उन्हाळाभर झोपतात. पाणी नाही, खत नाही. ऑक्टोबरपर्यंत काहीच करायचं नाही. जमेल?"

"काकू, पंधरा वर्षं मॅनेजर आहे मी!"

काकू म्हणजे काय बाई आहे हो! वय एकाहत्तर. ऑर्किड म्हटलं की आपल्याला दुकानातली लाडावलेली झाडं आठवतात. काकूंची ऑर्किड्स म्हणजे भूमध्य समुद्राकाठची रानटी जात. त्यांना खडकाळ माती आणि रणरणतं ऊन लागतं. बी धुळीएवढं, आणि पेरल्यापासून फुलायला सात वर्षं! सहा झाली होती. येत्या वसंतात बारा कुंड्यांत पहिलं फूल येणार म्हणून काकू दिवस मोजत होत्या.

जुलैत पानं पिवळी पडली, मग करपली, मग कुंड्यांत उरली नुसती माती! मी लगेच सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे मेल्या, मुक्या जिवाला तहानेनं मारतोस?"

"अगं, ती झोपलीत म्हणे."

"झोपलेल्याला तहान लागत नाही? डाळ-तांदळाचं धुवण घाल. माझा मोगरा बघ कसा फुललाय!"

झालं! आमच्या सिंकमधलं प्रत्येक धुवण मी काकूंच्या कुंड्यांत ओतू लागलो. आणि आठव्या दिवशी चमत्कार! कोंब! हिरवेगार, टरारलेले!

"मोना, जिवंत झाली गं!" मी बायकोला ओरडून सांगितलं.

त्यानंतर मी खारींवर पहारा ठेवला. ऑफिसच्या मीटिंगा काकूंच्या यार्डात, एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्यात पाण्याची पिचकारी! कोंब वेलासारखे वाढायला लागले तेव्हा काठ्याही बांधल्या. काकूंना मुद्दाम कळवलं नाही. म्हटलं, सरप्राइज देऊ!

ऑक्टोबरात काकू आल्या त्या सामानासकट थेट यार्डात. वाकल्या. एक शेंग तोडून सोलली.

"सुमंत, हे मूग आहेत."

"आठवड्यातून दोनदा मुगाची उसळ खातोस की रे! धुवणातून गेले हे मूग!" मोना किंचाळली.

काकूंनी कुंडी उपडी केली. नव्या बटाट्यासारखा घट्ट असायला हवा होता तो कंद कुजून चिखल झाला होता. दुसरी कुंडी, तिसरी, सगळ्यांची तीच गत. काकू पायरीवर बसल्या. सहा वर्षं! मला रडूच यायला लागलं.

"काकू, शिव्या घाला हो मला."

त्या उठल्या, आत गेल्या आणि फ्रिजमधून बियांची पुडी घेऊन आल्या.

"चल, माती चाळ. सात वर्षं तर सात वर्षं."

एकाहत्तर अधिक सात! मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

तेवढ्यात मोना कचऱ्याचा डबा ओढायला गेली. "काकू, या डब्यामागे एक कुंडी राहिलीय!"

बारावी कुंडी! माती कोरडी ठणठणीत, आणि तिच्यात टाचणीएवढं हिरवं टोक.

एप्रिलमध्ये त्याला फूल आलं. गुलाबी पाकळ्या आणि मधोमध लव असलेली तपकिरी मधमाशी. मी तिला हाकलायला हात उचलला.

"अरे, ते फूलच आहे!" काकू हसल्या.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खरंच की! एवढं देखणं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. बघायला सगळे शेजारी लोटले.

"हे कुणी सांभाळलं?" कुणीतरी विचारलं.

"सुमंतनं," काकू म्हणाल्या. "तिकडे फिरकलाच नाही."

यंदा जूनमध्ये काकू पुन्हा नाशिकला निघाल्या. किल्ली परत माझ्याच हातात! मला अगदी भरून आलं.

"काकू, अजून माझ्यावर विश्वास आहे?"

"आहे ना! बाराही कुंड्या कचऱ्याच्या डब्यामागे ठेवल्यात. तिथे तू कधीच जात नाहीस, असं मोना म्हणाली."