अगदी मधोमधचं घर

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि तो गुंडाळू नये म्हणून घरातल्या चारही वाट्या त्याच्या कोपऱ्यांवर पालथ्या घातल्या होत्या. त्यामुळे तराजूसाहेबांची आई वाटीशिवाय जेवत होती आणि तसं मधूनमधून ऐकवतही होती. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. टाचण्या टोचून, दोरा ताणून, जीभ दातांत धरून ते अंतर मोजत होते.

तराजूसाहेब हे बाजारातल्या दुकानदारांनी ठेवलेलं नाव. खरं पद वजनमापे निरीक्षक. दुकानातला काटा खरा की खोटा हे तपासायचं आणि खरा असेल तर त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. सगळं आयुष्य दोन पारडी सारखी करण्यात गेल्यामुळे घरातही पापड मोडला तर ते दोन्ही तुकडे शेजारी धरून बघत. त्यांची बायको दुसऱ्या शहरातल्या बस आगारात वेळापत्रकं करायची. तिला तिकडे सगळे वेळापत्रकबाई म्हणत. ती पहाटे निघायची आणि परत येईपर्यंत साहेब खुर्चीतच पेंगलेले असायचे. रविवारी संध्याकाळी गॅलरीत बसून दोघं चहा प्यायची, तेवढाच काय तो संसार.

एका रविवारी ती कपात बघत म्हणाली, "अहो, तुमचा चेहरा आठवायला गेले ना, की मला झोपलेलाच आठवतो."

साहेबांनी कप खाली ठेवला. रोजचा एक चहा, उजेड असताना, एकमेकांसमोर बसून. एवढंच तर हवं होतं. त्यात काय अवघड आहे?

"आपण तुझ्या शहरात जाऊ या," ते म्हणाले.

"म्हणजे मग तुम्ही पहाटे निघणार आणि मी पेंगणार."

तेही खरंच होतं. नुसती पारडी बदलून काटा सरळ होत नाही. मग साहेबांनी ठरवलं की दोन्ही कचेऱ्यांच्या बरोबर मधे, खेड्यात घर घ्यायचं. कोणालाही तसूभर जास्त नको, तसूभर कमी नको. शिवाय मोकळी हवा, पक्षी, अंगण वगैरे. त्यांच्या कचेरीतल्या मंडळींनी हे ऐकून "भाग्यवान आहात" असं म्हटलं आणि कोणीही आपलं घर सोडलं नाही.

"सापडलं!" साहेब ओरडले. दोऱ्याचा मध्य जिथे आला तिथे त्यांनी टाचणी टोचली.

बायकोने वाकून पाहिलं. "हे तळं आहे."

"तळ्याच्या काठावर राहू."

"आणि अंतराने मध्य कसा ठरवता तुम्ही? तुमच्या बाजूचा रस्ता लोण्यासारखा. माझ्या बाजूला खड्डे इतके की बस पोहत येते. मध्य वेळेने काढायचा असतो."

"वेळ रोज बदलते. अंतर बदलतं का?"

"अंतरातून कोणी प्रवास करत नाही, वेळेतून करतात," बाई म्हणाली आणि तिने स्वतःची टाचणी टोचली. ती पार तिच्या आगाराच्या बाजूला गेली.

दोन टाचण्या, दोन मध्य. इथे आठवडाभर घोडं पेंड खात राहिलं. साहेब बाजारात काटे तपासताना दुकानदारांनाच विचारू लागले, "समजा तुमची बायको…" आणि दुकानदार घाबरून काटा बदलू लागले. शेवटी बाईनेच तोड काढली: दोन मध्यांचा मध्य काढायचा. तिथे योगायोगाने खरंच एक गाव निघालं.

आईने रिकाम्या ताटावरून हात फिरवला. "मधोमध म्हणजे दोन्हीकडून लांब, एवढं कळायला दोरा कशाला लागतो रे?"

"आई, न्याय म्हणून काही असतो."

"असतो ना. आता एक वाटी मला न्यायाने दे."

घर बघायला ती तिघं रविवारी गेली. कारण दोघांना सुट्टी एकाच दिवशी. घर दृष्ट लागण्यासारखं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यासमोर कडुनिंब आणि त्यापलीकडे साहेबांच्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक. फाटक सताड उघडं होतं आणि फाटकवाला पायरीवर बसून दाढी करत होता. साहेबांनी टेपने रस्ता मोजला, फाटकाची रुंदीसुद्धा सोडली नाही. घरमालकीणबाई ओट्यावरून बघत होत्या. बाईने गाड्यांची चौकशी केली. प्रवासी गाड्या सगळ्या मध्यरात्रीनंतरच्या, म्हणजे अडचण नाही. मालगाड्यांना वेळापत्रकच नसतं, असं फाटकवाल्याने सांगितलं. ज्याला वेळापत्रक नाही ते बाईच्या लेखी जगातच नव्हतं. तिने ते लिहून घेतलं नाही.

घर ठरलं. सामान आलं. सोमवारी संध्याकाळी साहेब स्कूटरवरून शीळ घालत निघाले आणि फाटकापाशी येऊन थांबले. फाटक बंद होतं.

रुळांच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, ओट्यावर त्यांची बायको बसली होती. समोर दोन कप. तिने हात केला. त्यांनी हात केला. मग मधे मालगाडी आली, आणि येऊन थांबली. डब्यांच्या फटींतून त्यांना बायको तुकड्यातुकड्यांनी दिसू लागली. एका फटीत खांदा, दुसरीत कप. फोन वाजला.

"अहो, दिसताय हं तुम्ही."

"तूपण. चहा गार होतोय का?"

"माझा पिऊन झाला. तुमचा आता सायीने झाकलाय."

ते घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी शहरातल्या गोदामांतून माल सुटायचा आणि तो सगळा तराजूसाहेबांच्या नाकासमोरून जायचा. फक्त रविवारी गोदामं बंद, म्हणून फाटक उघडं. घरमालकीणबाईंना त्यांनी जाब विचारला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही इतकं मन लावून मोजत होता, म्हटलं मधे कशाला बोला."

फाटकाच्या बाजूला पायी माणसांसाठी गोल फिरणारं छोटं दार होतं. गाडी यायच्या आधी तिथून गावकरी बिनघोर ये-जा करत. पण साहेबांना ते शक्य नव्हतं. स्कूटरच्या मागे सरकारी पेटी बांधलेली असायची, तीत मखमलीत ठेवलेली प्रमाण वजनं. ज्या वजनांवरून जगाची वजनं तपासायची ती वजनं रस्त्यात सोडून जायची नाहीत, असा नियम होता. आणि पेटी उचलून न्यायची म्हटलं तर साहेबांची कंबर नियमात बसत नव्हती.

"पूर्वी दिसत नव्हती," आई म्हणाली, "आता दिसते पण भेटत नाही. प्रगती आहे म्हणायची."

त्या आठवड्यात संतापून साहेबांनी वरच्या कचेरीला अर्ज लिहिला. विषय: फाटक वारंवार बंद राहत असल्याबाबत. अर्ज टपालात टाकला आणि सरकारी माणूसच असल्यामुळे तो लगेच विसरूनही गेले.

शेवटी बाईच थर्मास घेऊन निघाली. फाटक बंद झालं की गाडी यायच्या आत छोट्या दारातून या बाजूला यायची. वजनांच्या पेटीवर फडकं घालून तिचं टेबल झालं. उजेड होता, चहा गरम होता, समोरासमोर दोघं होती. साहेबांना पहिल्या घोटालाच कळलं की आपल्याला हवं होतं ते हेच, फक्त ते रुळांच्या चुकीच्या बाजूला मिळालं आहे.

एकदा गोडी लागल्यावर माणसं जमायला वेळ लागत नाही. आई घडीची खुर्ची घेऊन येऊ लागली, कारण तिथे बसायला मोकळं होतं आणि बोलायला माणसं आयती अडकलेली असत. फाटकवाला स्वतःचा कप आणू लागला. रोज अडकणारा एक दूधवाला दूध द्यायचा आणि वर साहेबांना माप बघू द्यायचा. एवढा विश्वास त्यांच्यावर नोकरीत कोणी टाकला नव्हता. कोणाची सोयरीक तिथे जमली, कोणाचा बांधाचा वाद तिथे मिटला. आणि रांगेत रोज बाईच्याच आगाराची बस उभी असायची.

"बाई," चालक खिडकीतून ओरडला, "तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे मी आत्ता घरी पोचून अंघोळ करतोय!"

प्रवासी हसले. बाईचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी तिने आगारात जाऊन या मार्गावरच्या सगळ्या संध्याकाळच्या बसना फाटकाचा वेळ जोडून टाकला, मग त्या बसना जोडलेल्या बसना, आणि त्यांना जोडलेल्या बसना. अख्खं वेळापत्रक फाटकावर टेकून उभं राहिलं. गाड्या वेळेवर धावू लागल्या, म्हणजे ठरल्याप्रमाणे उशिरा. वरिष्ठांनी तिचं कौतुक केलं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एका संध्याकाळी एक फार मोठे साहेब त्या फाटकात अडकले. त्यांना चहा विचारला, पण त्यांनी काच खाली केली नाही. आणि पुढच्याच आठवड्यात यंत्रं आली, खड्डे खणले गेले, रुळांखालून भुयारी रस्ता तयार होऊ लागला. रस्ता का होतोय, याचं कारण कागदोपत्री लागतं. कोणीतरी कपाट उघडलं आणि त्यात एकच अर्ज निघाला.

अर्ज मंजूर होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, अर्जदाराला तर मुळीच नाही. उद्घाटनाला तराजूसाहेबांना खुर्चीवर बसवून 'जागरूक नागरिक' म्हणून हार घातला. फाटकवाल्याची बदली झाली होती. त्याने जाताना कप विसळून परत दिला आणि म्हणाला, "साहेब, मला वाटलं होतं आपले चांगले संबंध आहेत."

"अरे, तो अर्ज जुना होता…"

"अर्ज जुनाच असतो साहेब. बदली नवीन असते."

आईने घरी आल्यावर हार उतरवून घेतला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ती म्हणाली. "आता मी बोलू कोणाशी? भुयारातून जाणाऱ्या माणसाशी?"

दुसऱ्या दिवशी साहेब भुयारातून सुळकन निघाले आणि चक्क ऊन असताना घरी पोचले. वजनांची पेटी आत ठेवली. हौसेने स्वतः चहा केला, दोन कप ओट्यावर मांडले आणि रस्त्याकडे बघत बसले. ओळखीचा दूधवाला भुयारातून बाहेर पडला आणि न थांबता गेला. बसही गेली. चालकाने नुसता भोंगा वाजवला.

फोन वाजला.

"अहो, थांबू नका चहाला. मला उशीर होणारय."

"का गं?"

"का काय! तुमच्या भुयारामुळे सगळ्या बस लवकर यायला लागल्यात. माणसं थांब्यावर पोचायच्या आत बस निघून जातेय. पुढच्या बसला मागची बस सापडत नाही. अख्खं वेळापत्रक पहिल्यापासून मांडावं लागणारय."

"किती दिवस?"

पलीकडे बाईने कोणाला तरी काहीतरी ओरडून सांगितलं. "दिवस म्हणू नका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

साहेबांनी समोरच्या कपाकडे पाहिलं. त्यावर साय धरत होती. हवा शुद्ध होती, पक्षी बोलत होते, अंगण होतं, दोन्ही कचेऱ्या सारख्याच लांब होत्या आणि त्यांना अगदी एकटं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी ते खुर्चीतच पेंगले.

कोणीतरी हातातला कागद हळूच काढून घेतंय असं वाटून त्यांना जाग आली. दिवे लागले होते. बायको पर्ससकट समोर उभी राहून वाचत होती.

"पुन्हा झोपलेला चेहरा," ती म्हणाली. "हे काय आहे?"

"अर्ज."

तिने मोठ्याने वाचलं, "विषय: फाटक पूर्ववत बंद ठेवणेबाबत." मग खाली, "कारण: कौटुंबिक."

साहेब ओशाळले. "उगाच आपलं… फाड तो. असा अर्ज कोण मंजूर करणार?"

"मागचा कोण करणार होतं?" बाई खाली बसली. मग नाक ओढून म्हणाली, "पण असा मोघम अर्ज कोणी लिहितं का? कधी बंद ठेवायचं, किती वाजता, काही नाही. पेन द्या."

तिने समासात 'सायंकाळी सहा ते सात' असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद नवऱ्याकडे सरकवला. आई आतून चष्मा शोधत आली. साक्षीदार म्हणून तिचीही सही घेतली. सही करण्याआधी तिने अर्ज नीट वाचला आणि सुनेच्या हातात परत दिला.

"एक राहिलं बघ," ती म्हणाली. "रविवारी उघडं राहायचं ते. तेही बंद कर म्हणावं."

बाईने पेन उघडलं आणि पुढे लिहिलं: 'रविवार धरून.'