गुंतलेल्या मनांची कसोटी

क्षितिजा फुलपाड्याच्या सभागृहात शिरली आणि दारातच थबकली. खुर्च्या झाडून सगळ्या भरलेल्या! तिच्या मागच्या भाषणाला पंखा लावणाऱ्यासकट चार डोकी होती. चिटणीस सुधाकरकाकांनी तेव्हाच बजावलं होतं, पुढच्या वेळीही हॉल ओस पडला तर विज्ञानाचा रविवार कायमचा बंद, त्या जागी हाउजी. आज पाय ठेवायला जागा नव्हती, पण सगळे जोडीजोडीने आले होते. बायकांच्या डोक्यात गजरे, पुरुषांचे शर्ट कडक इस्त्रीचे.

तिने फलक पाहिला आणि कपाळाला हात लावला. ‘गुंतलेल्या मनांची कसोटी’. बाजूला दोन लाल बदाम.

झालं होतं असं. तिच्या बाबांनी, प्रल्हादरावांनी, फोनवर मजकूर सांगितला: गुंतलेल्या कणांची कसोटी. पेंटर अर्नाळ्याचा, त्याच्या तोंडी ‘ण’चा ‘न’ व्हायचा. “कनांची ना?” म्हणाला. बाबा हो म्हणाले. त्याने तसंच लिहून घेतलं, पण रंगवताना ‘कनांची’ त्यालाच खटकलं आणि भल्या माणसाने ते सुधारून ‘मनांची’ केलं. दोन लाल ठिपके काढायला सांगितले होते, तिथेही त्याने आपलं डोकं चालवलं.

पहिल्या रांगेतून पाचूबंदरच्या बेनेडिक्टने बक्षीस काय म्हणून विचारलं. कुकर असणार, हे त्याचं ठाम मत. काहीच नसणार, हे त्याच्या मेरीचं. क्षितिजा पेचात पडली. खरं सांगावं तर हॉल रिकामा होणार, आणि न सांगावं तर जपानात संशोधनात इतकी वर्षं घासलेलं पाण्यात. मग त्या दोघांकडे बघता बघता तिचा चेहराच उजळला.

“स्पर्धा नाही, प्रयोग आहे,” ती म्हणाली. “जपानात आम्ही यंत्रात टक्कर घडवून कणांची जोडी काढतो. दोघं लांब गेले तरी एक जसा निघेल, त्याच्या नेमका उलट दुसरा. आता तेच इथे बघू.”

मेरीला मागच्या खोलीत बसवलं, बाबा तिचे निरोप्ये झाले. चहा की कॉफी? बेनेडिक्ट चहा, मेरी कॉफी. बोंबील ओला की सुका? तो ओला, ती सुका. खिडकी उघडी की बंद? पुन्हा उलट. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायला लागले.

सुधाकरकाका मात्र उठले. “हे घरून ठरवून आलेत.”

क्षितिजाला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. “काका, मोठमोठे शास्त्रज्ञ ह्याच शंकेवरून भांडले. कण आधीच ठरवून निघतात का, हेच तर आम्ही तपासतो.”

“ठरवून?” बेनेडिक्ट उभा राहून मागच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. “लगीन झाल्यापासून आमचा एका गोष्टीवर तरी जमलाय काय? कोनाला पन विचारा.”

मागच्या खोलीतून मेरीचा आवाज आला, “काय पन बोलतो. आमचा सगल्यात जमतो.”

हॉल नुसता दणाणला. टाळ्या थांबेनात. हाउजीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही, आणि काकांनी पुढचे सगळे रविवार तिथल्या तिथे क्षितिजाच्या नावे करून टाकले.

“फलकावरची चूक तेवढी दुरुस्त करून घेते,” ती म्हणाली.

“खबरदार,” काका म्हणाले. “आणि पेंटरलाही कळू देऊ नकोस. पुढचा फलक त्यालाच फोनवर सांगायचा.”