काटेवाल्याच्या घरचा काटा

सकाळी साडेसहाला बायको वजनकाट्यावर चढली, की काटेवाला दात घासायचं थांबवून बाथरूमच्या दाराला कान लावायचा. आतून ‘हं’ आलं, तर दिवस बरा. ‘शी!’ आलं, तर गुपचूप चपला घालून दुकान गाठावं, एवढं शहाणपण त्याला आलं होतं.

काटेवाला म्हणजे दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. बावीस वर्षांत त्याच्या हातून एकही काटा खोटा गेला नव्हता. त्यामुळे त्याच्या घरातला काटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो जे सांगेल त्यावर घरात कुणी हूं की चूं करत नसे.

बायको ग्रंथालयात नोकरीला. महिन्याभरानं तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी भेटायच्या होत्या आणि तोवर पाच किलो कमी करायचंच, असं तिनं मनावर घेतलं होतं. आधी नाश्ता गेला, मग रात्रीचं जेवण गेलं. दुपारी डब्यात काकडी. संध्याकाळी मात्र भूक अशी खवळायची, की बाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्यानं बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त करायच्या आणि त्याची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी काकडीही बंद! घरात सगळ्यांना हे दिसत होतं. बोलायची कुणाची टाप नव्हती.

बुधवारी ती ग्रंथालयातल्या शिडीवर चढली आणि भोवळ येऊन खालच्या पायरीवर बसली. मांडीवर शब्दकोश.

“काही नाही हो, पाय सटकला,” तिनं घरी सांगितलं.

ही उपाशीपोटी आलेली भोवळ आहे, हे काटेवाल्यानं ओळखलं. पण हा माणूस कसला बोलतोय! त्याचं तोंड उघडायच्या आधी पेचकस बाहेर येतो. ती कामावर गेल्यावर त्यानं काटा उलटा केला आणि आतली स्प्रिंग किंचित पिळली. शून्य शून्यावरच राहिलं, पण वर माणूस उभा राहिला की वजन दोनेक किलो कमी दिसायला लागलं. आकडा बघून खूश होईल, दोन घास खाईल. इतका साधा हिशोब होता.

सकाळी बाथरूममधून ‘हं’ नाही, चक्क गाणं ऐकू आलं.

“अहो, दोन किलो गेले! दोन!”

“वा वा! मग आज नाश्ता कर की झकास. अंडी उकडू?”

“वेडबिड लागलंय का? उपाशी राहण्याचा गुण येतोय. आता दुपारचंही सोडते!”

काटेवाला उकळत्या पाण्याकडे बघतच राहिला.

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! त्याच दिवशी त्याची आई काट्यावर चढली. आई पन्नास किलोची, वर्षानुवर्षं पन्नास. काटा म्हणाला साडेअठ्ठेचाळीस. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

“अरे, मला काहीतरी झालंय. वजन असं आपोआप उतरत नसतं.”

“काही झालं नाही गं आई. काटा थोडा—”

“तुझा काटा चुकेल होय? मला फसवू नकोस. माझे कपडे कुणाला द्यायचे ते मी लिहून ठेवते.”

तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं, तर पन्नास. “घरचा काटा कुणी दुरुस्त केलाय हो?” त्यांनी विचारलं. त्यांच्या समोरचा काटाही त्यानंच दुरुस्त केला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो आपल्याच कामाकडे पाठ फिरवून उभा राहिला. घरी यातलं काही बोलायचं नाही, असं त्यानं वाटेत आईकडून कबूल करून घेतलं.

रविवारी त्यानं ठरवलं, उलटं करून बघू. उपास करूनही वजन वाढलं, तर निदान तिचा उपासावरचा विश्वास उडेल. त्यानं स्प्रिंग दुसऱ्या अंगाला पिळली. नसती उठाठेव म्हणतात ती हीच. सोमवारी सकाळी बाथरूममधून ‘शी’ पण नाही, नुसती शांतता आली. बायको बाहेर आली, चहाचा कप परत ओट्यावर ठेवून निघून गेली. आता ती पाणीसुद्धा मोजून प्यायला लागली.

काटेवाल्यानं हात टेकले. बायकोसमोर सगळं कबूल करायचं, असं त्यानं बुधवारी पक्कं केलं, आणि नेमका त्याच दिवशी शाळेतून फोन आला. छकुलीच्या बाई बोलत होत्या. छकुली म्हणजे त्याची नऊ वर्षांची मुलगी.

“तीन दिवस झाले, डबा उघडतसुद्धा नाही ती. विचारलं तर म्हणते, भूक नाही. घरी सगळं ठीक आहे ना?”

दोघं शाळेतून तिला घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी छकुली बसली. बायकोनं डबा उघडला. भाजी, भात, सफरचंदाच्या फोडी, सगळं जसंच्या तसं. फोडी काळ्या पडल्या होत्या.

“का गं राणी? बरं वाटत नाही का?” बायकोनं तिच्या कपाळाला हात लावला.

छकुलीनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, “मी एकदम सव्वा किलो वाढले.”

“कुणी सांगितलं?”

“काट्यानं. शुक्रवारी कमी होते, सोमवारी वाढले. बाबाचा काटा कधीच चुकत नाही.”

“अगं, तू वाढायच्याच वयाची आहेस! म्हणून कुणी जेवण सोडतं का?”

“तू सोडतेस ना,” छकुली म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगणं होतं. “मला संध्याकाळी खूप भूक लागते. मग मी पण दाराआड जाऊन बिस्किटं खाते. तुझं झाल्यावर.”

बायकोचा चेहरा असा झाला, की काटेवाल्याला वाटलं, हिला परत भोवळ येतेय. त्यानं पटकन खुर्ची पुढे सरकवली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. स्प्रिंग, दोन किलो, आई, परत स्प्रिंग.

“तू शिडीवर बसलीस ना, तेव्हा मी घाबरलो होतो. जेव गं एवढंच म्हणायचं होतं. जमलं नाही मला.”

“म्हणजे तुम्ही काटा बिघडवलात? तुम्ही?”

“दोनदा.”

ती त्याच्यावर भडकणार, हे नक्की होतं. तिनं तोंड उघडलंही. पण छकुली दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. बायकोनं लेकीला जवळ ओढलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि रडली. काटेवाल्यानं काय करावं ते न सुचून भात गरम करायला ठेवला. मग तिघांनी एकाच ताटात तो खाल्ला. बायकोनं दोनदा वाढून घेतला आणि छकुलीनं ते नीट बघून ठेवलं.

त्याच दुपारी काटा दुकानात गेला, माळ्यावर.

दुसऱ्या दिवशी छकुली शाळेतून आली ती डबा हलवतच. रिकामा! बायकोनं डबा उलटा करून बघितला, काटेवाल्यानं झाकण. दोघांना इतका आनंद झाला, की विचारता सोय नाही.

“सगळा संपवलास?”

“अर्धा मी खाल्ला. अर्धा माझ्या मैत्रिणीला भरवला. ती पण खात नाही. तिच्या घरी पण काटा आहे, तिची आई रोज त्याच्यावर चढते.” छकुलीनं दप्तर खाली टाकलं आणि बाबाचा हात धरला. “बाबा, तू तिच्या घरचा काटा पण बिघडवून देशील का? प्लीज.”

काटेवाल्यानं बायकोकडे बघितलं. मग तो उठला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि पायांत चपला सरकवू लागला.

“ठेवा ती पिशवी खाली,” बायको म्हणाली. “हे पेचकसाचं काम नाही. तिच्या आईशी मीच जाऊन बोलते.”

“आत्ता?”

“आत्ता नाही, आधी जेवते. उपाशीपोटी मी कुणाशी धड बोलत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.”