डाळ शिजली, इथंच चुकलं

ईश्वरप्पा साडेदहालाच कचेरीतून घरी आला, तेव्हा शिवकांताला वाटलं नवऱ्याची तब्येत बिघडली. तो उंबऱ्यात चपला काढत म्हणाला, "आगं, बाराला साहेब जेवायला येऊन राहिलेत."

"कोणते साहेब?"

"टँकरवाले. नरसिंगराव ओव्हरसियर."

शिवकांतानं भाजीच्या टोपलीकडे पाहिलं. टोपलीत एक वाळकं लिंबू होतं आणि लसणाच्या चार पाकळ्या. बाजारात तीन आठवडे हिरवं पान दिसलं नव्हतं. मेथीची जुडी शेवटची पाहिली होती ती कलेक्टरच्या बंगल्यावर जाणाऱ्या शिपायाच्या पिशवीत.

"मला विचारायचं तरी."

"तूच म्हणलीस की हापशावर. डबे भरलेले असले की भाजीबिगर लग्न उठवीन म्हणून. शेजारच्या धुरपताबाईनं पार गिरणीपर्यंत सांगितलंय."

ती तसं म्हणाली होती खरी. शिवकांताचं तोंड नेहमी आधी निघायचं आणि हातांना मग त्याच्यामागं पळत जावं लागायचं. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी हातांना काही तोंड गाठता आलं नव्हतं.

लातूरचा जिल्हा झाला त्याला हा दुसरा उन्हाळा. कचेरीला नवी पाटी लागली, शिपायांना नवे पट्टे आले, पण पाऊस काही नव्या जिल्ह्यात हजर झाला नाही. नळाला महिनाभर थेंब नव्हता. गल्लीत एक हापसा होता, पण त्याचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येईना आणि डाळ शिजेना. टँकर दोन गल्ल्या अलीकडेच वळून जायचा, कारण हापसा असलेल्या गल्लीला टँकर नाही असा नियम. हे पाणी स्वयंपाकाच्या कामाचं नाही, एवढा शेरा नरसिंगरावांनी अर्जावर मारला, तर टँकर गिरणीच्या कोपऱ्यावर थांबणार होता. चाळीस घरांचा प्रश्न होता. नरसिंगरावांची बायको माहेरी भोकरला गेलेली, ते खानावळीच्या जेवणाला विटलेले. म्हणून हे आमंत्रण.

"काय करशील?" ईश्वरप्पानं हळूच विचारलं.

"बघत राहा," शिवकांता म्हणाली. तोंड परत पुढं निघालं होतं.

दाराशी तिची सासू नागम्मा चिंचा फोडत बसली होती. अहमदपूरहून डोळे दाखवायला आली होती. बोलायची कमी, बघायची फार. डोळ्यांनी दिसत नाही असं डॉक्टरला सांगून आली असली तरी. शिवकांताला तिचा धाक नव्हता, पण तिच्या वरणाचा होता. सतरा वर्षं दर घासाला ईश्वरप्पा म्हणत आला होता, "चांगलं झालंय. पण अव्वाच्या वरणाची सर न्हाई."

शिवकांतानं पदर खोचला. सांडग्यांचा रस्सा, बेसनाच्या वड्या, जवसाची चटणी, कारळाची चटणी, ज्वारीची भाकरी, आणि वरण. सगळं डब्यांतलं. मोठे डबे एका मापाचे, छोटे एका मापाचे, सगळे एका रंगाचे, आणि चिठ्ठी कशावरच नव्हती. चिठ्ठ्या विसराळू बायका लावतात, असं तिचं ठाम मत होतं.

सगळं जमत आलं. फक्त डाळ काही शिजेना. तास झाला, रॉकेल संपत आलं, तरी तूर पातेल्यात गोट्या खेळत होती. तिनं वाटीभर डाळ बाहेर काढून रवीनं घोटून पाहिली, तर दाणे उडून भिंतीला लागले.

सिंधु शेजारून पापड घेऊन आली, धुरपताबाई नुसतीच आली.

"शिजली का?"

"शिजंल."

"साहेब कोपऱ्यावर आलेत," धुरपताबाई म्हणाली. "चाळीस घरं तुमच्या पातेल्याकडं बघून राहिलीत, वहिनी. मी आपलं सांगितलं."

शिवकांतानं फळीवरचा सोड्याचा छोटा डबा ओढला आणि चिमूटभर सोडा टाकला. मग आणखी चिमूट. मग साहेबांचा खोकला ओसरीवर ऐकू आला तसा अर्धा चमचाच ओतला. पाव तासात डाळ लोण्यासारखी विरघळली. फोडणी दिली, आणि घरभर असा वास सुटला की धुरपताबाई घरी जायचं विसरली.

नरसिंगराव पाटावर बसले. ईश्वरप्पा हातपाय धुऊन देवळीकडे गेला. कपाळाला विभूती लावल्याशिवाय त्याच्या घरात कुणी ताटावर बसलेलं नव्हतं. डब्यात तीन बोटं घालून त्यानं कपाळावर ओढली आणि पानावर येऊन बसला.

"आज इबत धरीनाच," तो कपाळ चोळत म्हणाला. "चुणचुण बी करून राहिली."

शिवकांता त्याच्यासाठी वरणाची वाटी घेऊन निघाली होती, ती जागच्या जागी थांबली. नवऱ्याच्या घामेजल्या कपाळावर तीन पांढऱ्या रेघा बारीक बुडबुडे सोडत होत्या. काल तिनं देवळी आणि फळी पुसली होती. दोन छोटे डबे एकदम खाली घेतले होते, एक देवाचा, एक सोड्याचा, आणि डोळे झाकून परत ठेवले होते. डोळे झाकून सगळं कळतं, असंही ती हापशावर म्हणाली होती.

म्हणजे सोडा नवऱ्याच्या कपाळावर होता, आणि देवाची विभूती साहेबांच्या ताटात पोचली होती. कारण मधल्या वेळात सिंधुनं वाढायला मदत म्हणून वरण वाढलं होतं.

"साहेब, वरण ऱ्हाऊ द्या. रस्सा घ्या," शिवकांता घाईनं म्हणाली.

"का? वरण फर्मास हाय."

"शिळं हाय ते. कालचं."

"कालचं असं लागतं?" नरसिंगरावांनी वाटी पुढं केली. "मग परवाचं असलं तर ते बी आणा."

त्यांनी तीनदा वरण घेतलं. ईश्वरप्पानं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "आज अव्वासारखं झालंय."

हे ऐकायला शिवकांतानं काय दिलं नसतं. आणि आज ऐकलं, ते विभूतीच्या वरणावर. नागम्मानं मात्र चिंच फोडता फोडता मान वर करून पातेल्याकडं पाहिलं.

हात धुता धुता नरसिंगराव म्हणाले, "ईश्वरप्पा, एक विचारतो. हे वरण कोणत्या पाण्यातलं?"

"ह्याच हापशाचं की," ईश्वरप्पा अभिमानानं म्हणाला.

"मग टँकर कशाला पायजे? अर्जात तुम्ही लिहिलंय, ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. माझ्या पोटात शिजलेली डाळ हाय. मी खोटा शेरा कसा मारू?"

धुरपताबाईनं दारातून शिवकांताकडं अशा नजरेनं पाहिलं की चाळीस घागरी एकदम डोक्यावर ठेवल्यासारख्या वाटल्या. गप्प बसलं तर वरणाचं नाव राहणार होतं आणि टँकर जाणार होता.

शिवकांता पदर सावरून पुढं आली. "साहेब, डाळ पाण्यानं न्हाई शिजली. इबतीनं शिजली."

"कशानं?"

"सोड्याच्या जागी देवाची इबत पडली. डबे बदलले. मीच बदलले. चिठ्ठ्या लावत न्हाई ना मी." एवढं बोलून ती आत गेली आणि बाजूला काढलेली वाटी घेऊन आली. "ही त्याच्या आधीची. तास उकळलेली." तिनं वाटी ताटात उपडी केली. डाळ टणटण वाजली.

नरसिंगरावांनी एक दाणा दाताखाली धरला. मग गाल धरला. बराच वेळ ते ईश्वरप्पाच्या कपाळाकडं पाहत राहिले.

"आणि कपाळावर तो सोडा?"

"हाव."

"कागद आणा," नरसिंगराव म्हणाले. "पोटात देव बसल्यावर आता न्हाई कसं म्हणू."

साहेब गेले, ईश्वरप्पा त्यांना सोडायला गेला, धुरपताबाई गल्लीत बातमी घेऊन गेली. शिवकांता भांड्यांपाशी टेकली. "आत्याबाई, पाप लागलं का हो मला?"

"कशाचं पाप?" नागम्मा खरखरत्या आवाजात म्हणाली. "देवाची घालत जाऊ नको म्हंजे झालं. चुलीतली राख घालावं. कापडातनं चाळून, पाण्यात निवळून."

शिवकांताच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "तुम्ही…?"

"आमच्या आडाचं पाणी बी असलंच. तुझा सासरा चाळीस वर्षं हाताची चव म्हणत जेवला." तिनं चिंचोका बाजूला टाकला. "ईश्वरप्पाला बोलू नको. उगा जेवण गोड लागायचं न्हाई."

गुरुवारी टँकर गिरणीच्या कोपऱ्यावर थांबला. त्या गोड्या पाण्यात डाळ अर्ध्या तासात आपोआप शिजली. दोन्ही छोट्या डब्यांवर आता चिठ्ठ्या होत्या. ईश्वरप्पानं घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "चांगलं झालंय. पण अव्वाच्या वरणाची…"

शिवकांता उठली. रॉकेलच्या स्टोव्हला राख कुठून असणार. वाटी घेऊन ती धुरपताबाईच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

"वाटीभर राख द्या."

"भांड्याला?"

"न्हाई," शिवकांता म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचं काही बोलली नाही.