बापूंचा तीळ

देवासच्या मराठी मंडळाचं बोधचिन्ह म्हणजे एक समई, आणि तीही लेटरहेडच्या माथ्यावर सुपारीएवढी. सुवर्णमहोत्सवाच्या कमानीवर मात्र ती बारा फुटांची हवी होती. सेक्रेटरी शालिग्रामकाकांनी तिचं स्कॅन फ्लॉपीत घालून विनोदिनीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आणलं.

"विनू, जरा खींचून मोठी कर."

"काका, खेचली की नुसते चौकोन दिसतील. रेघांनी परत काढावी लागेल. मग कितीही मोठी करा."

समई मुळात काढली होती तिच्या वडिलांनी, बापूंनी. मंडळाचा हॉलही त्यांनीच दारोदार फिरून उभा केला. त्यांना जाऊन तीन वर्षं होत होती, आणि उद्याच्या समारंभात त्यांच्या नावाची पाटी उतरवून एसी देणाऱ्या कारखानदाराची लागणार होती. विनोदिनीच्या ते जिव्हारी लागलं होतं. पण लेकीनंच बापासाठी कसं भांडायचं, म्हणून ती गप्प होती.

तिने ट्रेसचं बटण दाबलं. कॉम्प्युटरने प्रत्येक डागाभोवती रेघ ओढली. समई उमटली. मग ज्योतीमागे दोन डोळे उमटले. मग मिशा. मग गालावरचा तीळ.

"बापू!" काका स्टुलावरून उठलेच.

विनोदिनीने सगळं पुसून पुन्हा ट्रेस केलं. पुन्हा तेच. चित्र मोठं करावं तसे डोळे जवळ येत होते. काका स्टूल घेऊन दाराशी सरकले, तरी बापू त्यांच्याकडेच बघत होते.

"तीळ डाव्या गालावर होता ना? हा उजव्यावर आहे."

"अगं, तिकडे सगळं उलटंच असणार!"

तेवढ्यात लाइट गेली. अंधाऱ्या दुकानात यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला आणि उजेडात उरले फक्त बापू.

"काका, मूळ कागद आणा," विनोदिनी कशीबशी म्हणाली.

अर्ध्या तासाने लाइटबरोबर काकाही आले. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, वर कुंकू आणि अक्षता. तो टेबलावर ठेवून ते डोळे मिटून, हात जोडून उभे राहिले.

विनोदिनीने कागद उलटला. मागे शोकसभेचं पत्रक होतं, बापूंच्या फोटोसकट! काकांनी जन्मात पाठकोरा कागद वाया घालवला नव्हता. उरलेल्या लेटरहेडांच्या पाठीवर त्यांनी तेव्हा पत्रकं छापून घेतली होती. तोच फोटो स्कॅनमध्ये पलीकडून उतरला होता, म्हणून उलटा. तिला हसू फुटणार होतं. पण काकांचे जोडलेले हात दिसले आणि तिने कागद अलगद सुलटा ठेवला.

"काय म्हणतायत?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"मला काय म्हणणार? बघतायत तुमच्याकडे."

"पाटी नाही हलवणार! माताजी की कसम! त्या एसीवाल्याचं नाव एसीवर लिहू!"

मग विनोदिनीने बापूंचे डोळे पुसले, मिशा पुसल्या, तीळ पुसला. भिंग घेऊन दोनदा तपासलं. समई लख्ख निघाली.

सकाळी कमान उभी राहिली. पाटी जागच्या जागी होती. काका खुशीत येऊन म्हणाले, "शांत झाले बघ बापू. गेले एकदाचे."

विनोदिनीने मान वर केली. ज्योतीशेजारी लाडूएवढा काळा ठिपका होता. आणि तो उजव्या गालाच्या जागी नव्हता. बापूंचा होता तसाच, डाव्या गालाच्या जागी होता.

तिने मुकाट्याने हात जोडले.