दाबा, आता सोडा

शहागंजातले घड्याळदुरुस्तीवाले रशीदचाचा नातेवाइकाला पाणी विचारायच्या आधी हातात लिंबू देतात. "दाबा. आता सोडा." त्यांच्या स्वतःच्या हातात स्टॉपवॉच. मूठ सुटायला किती सेकंद लागले ते बघतात आणि मला हाक मारतात, "ताई, लिखो!"

माझं वह्या-पेनांचं दुकान त्यांना लागून आहे आणि मला याद्या करायची सवय. त्यामुळे चाचांच्या खानदानाची यादी माझ्याकडं: नाव, वय, सेकंद. ते स्वतः लिहीत नाहीत. त्यांची मूठ एकदा मिटली की लवकर उघडत नाही. थंडीत चिमटा बोटांतच राहतो. मग गिऱ्हाइकाला सांगतात, "रुको मियां, हात को चाबी देतो," आणि चहाचा गरम ग्लास दुसऱ्या हातानं बोटांना लावत बसतात.

बाजारातल्या लोकांना वाटतं, चाचा नजर उतरवतात. पुतण्याच्या निकाहात तर त्यांनी दावतीला बसलेल्या सगळ्या भाऊबंदांना लिंबं वाटली. वाढप्याला वाटलं कांद्याबरोबरची आहेत. त्यानं सुरी घेऊन कापायला घेतली. "अरे थांब! नवऱ्या मुलाचा टाइम राहिला!"

यादी खालपर्यंत वाचली की मात्र हसू येत नाही. चाचांच्या अम्मीला याच आजारानं पन्नाशीत मोतीबिंदू झाला, बाकी काही नाही. चाचांची मूठ पस्तिशीत अडकायला लागली. त्यांची मुलगी शबाना, तिची अठराव्या वर्षी. आता तिला जिना चढवत नाही, बोलता बोलता पापण्या खाली येतात. डॉक्टरांनी समजावलं होतं: स्नायूंचा हा आजार रक्तातून मुलाला येईल किंवा येणार नाही, दोन्ही सारखंच शक्य. पण आला, तर बहुतेक आधीच्या पिढीपेक्षा लवकर येतो आणि जास्त जोरानं.

"मागं पडणारी घडी मी ठीक करतो, ताई," चाचा मला म्हणाले. "ही हर पुश्तीला पुढं पळते. ही मला जमत नाय."

यादीत एकच ओळ रिकामी आहे. झोया, शबानाची मुलगी, वय सहा. रक्त तपासलं तर कळेल. शबाना म्हणते, "अब्बा, तुम्ही म्हणाल तेव्हा." चाचा म्हणत नाहीत. मला अर्धवट यादी बघवत नाही, म्हणून मी दोनदा आठवण करून दिली. "ईदनंतर बघू," म्हणाले. ईद दोनदा येऊन गेली.

परवा मी चाचांकडं बसले असताना झोया शाळेतून थेट त्यांच्या दुकानात आली आणि तिनं टोपलीतलं लिंबू उचललं. "नाना, मेरा टाइम देखो ना! सबका देखते!"

मी सवयीनं वही उघडली. चाचांनी स्टॉपवॉच मुठीत दडवलं.

"घडी बंद है, बेटा."

भिंतीवरची तीसेक घड्याळं टिकटिकत होती.

"झूठ! मूठ खोलो." तिनं लिंबू दाबलं. मी वहीकडं बघत राहिले. ते तिच्या हातातून लगेच सुटलं की वेळ लागला, मला माहीत नाही. मान वर केली तेव्हा चाचांनीही डोळे मिटून घेतलेले होते.

त्यांची मूठ काही उघडेना. मग झोया त्यांच्या मांडीवर चढली आणि एकेक बोट सोडवायला लागली, मोठ्यानं मोजत. मी वही मिटली.

"हळू, बेटा," चाचा म्हणाले. "जल्दी काय आहे?"