थोरल्या काकांचा पाना

पणजोबांनी लाकडी चाकांवर लोखंडी धावा चढवल्या, आजोबांनी सायकली सरळ केल्या आणि वडिलांनी मोटारींखाली जन्मभर पाठ टेकली. त्या घराण्यात चौथ्या पिढीला चिमी जन्मली. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याचे दुखणे सांगावे, तर तिनेच. शहराच्या टोकाला विजेच्या मोटारींचे मोठे वर्कशॉप निघाले होते. तिथे मुख्य मेकॅनिक म्हणून तिची निवड झाल्यातच जमा होती. उणीव होती ती एका कागदाची. सात वर्षे जिथे काम केले, त्या गॅरेजच्या मालकाचे शिफारसपत्र शुक्रवारी चारच्या आत पोचायला हवे होते.

मालक म्हणजे तिचे थोरले काका. पत्र मागताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“विजेच्या गाड्या? त्यात दुरुस्त करायचं काय, दिवा?”

“काका, पुढे त्याच चालणार आहेत. पेट्रोलच्या गाड्यांवर अजून किती वर्षं निघतील?”

“माझी निघाली की! बरं, देतो पत्र. आधी तुझ्या बापाला सांग, माझा पाना आणून दे.”

चिमीने कपाळाला हात लावला. बावीस वर्षांपूर्वी बाबांनी थोरल्या भावाकडून चौदा-पंधरा नंबरचा पाना मागून नेला होता. आजोबांचा, दांड्यावर कानशीने खूण पाडलेला. बाबा म्हणत, त्याच संध्याकाळी परत दिला. काका म्हणत, दिला नाही. तेव्हापासून घरी पाहुणा येवो की कोणी तापाने फणफणो, काका पाचव्या वाक्याला पान्यावर येत.

बुधवारी चिमीने कोरा पाना आणला. काकांनी तो बोटाने दूर सारला.

“हा पाना आहे. माझा पाना नव्हे.”

गुरुवारी तिने एक जुनापुराणा पाना मिळवला, त्यावर खूण पाडली, वर ग्रीस चोपडले. काकांनी तो उजेडात धरला.

“कानस उलटी चालवलीस. कानस धरायला तुला शिकवलं कुणी?”

“तुम्हीच.”

“मग मलाच फसवतेस? बाप लपवतो, मुलगी बनावट करते. छान चाललंय!”

घरी आईने माळा रिकामा केला. बाबांना ते लागले.

“म्हणजे तुझाही माझ्यावर संशय?”

“संशय कसला? माळा झाडतेय मी.”

“बावीस वर्षांत आजच बरा झाडावासा वाटला!” असे म्हणून बाबांनी ताट बाजूला सारले, आणि समजूत काढण्याचे कामही चिमीच्याच गळ्यात पडले.

शुक्रवारी अडीच वाजता ती शेवटची विनवणी करायला गॅरेजात गेली, तर काका स्वतःच्या गाडीत किल्ली फिरवून हैराण झालेले. गाडी बाबा-आदमच्या काळातली, आणि तिच्या बॉनेटला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असा कडक नियम.

“चिमे, बरी आलीस. ढकल.”

“काका, माझं पत्र...”

“आधी ढकल!”

तिने दात-ओठ खात खांदा लावला. गाडी हलली. खड खड खण्ण, खड खड खण्ण.

“ऐकतेस ना?” काकांनी खिडकीतून मान काढली. “इंजिन बोलतंय! आहे का असा गळा तुझ्या विजेच्या गाडीला?”

चिमी जागच्या जागी थांबली.

“काका, इंजिन बंद आहे.”

“बरं मग?”

“मग बोलतंय कोण?”

तिने परवानगीची वाट पाहिली नाही. बॉनेट वर केले, मडगार्डच्या आतल्या फटीत कोपरापर्यंत हात घातला आणि गंजाने लाल झालेला पाना बाहेर ओढला. दांड्यावर आजोबांची खूण होती.

आरडाओरडा ऐकून बाबा दुखऱ्या गुडघ्यानिशी समोरच्या घरातून रस्ता ओलांडून आले. पाना पाहून त्यांचा आवाज चिरकला.

“दादा, तुझं डोकं या बॉनेटमध्ये होतं. मी पाना हातात दिला. तू ‘हं’ म्हणालास!”

“‘हं’ काय, मी नेहमीच म्हणतो.”

“तेच तर!”

काका स्टुलावर बसले आणि कागद ओढून लिहू लागले. “ही मुलगी कामात चोख आहे. आवाजावरून दोष ओळखते, माझाही ओळखला. हिच्या वडिलांनी माझा पाना त्याच दिवशी परत केला होता. विसर मला पडला.” खाली सही, सहीवर शिक्का.

चिमीने हात पुढे केला, पण कागद बाबांनी उचलला. दोनदा वाचला आणि खिशात घातला.

“बाबा! सव्वातीन झाले!”

“हे पत्र घराबाहेर जायचं नाही. त्याला म्हणावं, दुसरं लिही.”

काकांनी मुकाट्याने दुसरा कागद घेतला.

मग चिमी स्टिअरिंगवर बसली आणि दोघा म्हाताऱ्यांनी मागून गाडी ढकलली. चौथ्या धक्क्याला ती सुरू झाली आणि गुपचूप निघाली.

“अरे, बिघडली वाटतं,” काका धापा टाकत म्हणाले. “आवाजच येईना!”

कागद चारला पाच कमी असताना पोचला, आणि नोकरी मिळाली.

संध्याकाळी घरी, काकांच्या देखत, बाबांनी पहिले पत्र चौकटीत घातले. खिळा ठोकायला हातोडी सापडेना.

“दादा, तो पाना दे जरा.”

काकांनी क्षणभर विचार केला, आणि दिला. बाबांनी खिळा ठोकला, चौकट टांगली, पाना सदऱ्याला पुसला आणि भावाच्या तळहातावर ठेवला.

“हं,” काका म्हणाले.

“‘हं’ नाही. मोठ्यानं, सगळ्यांसमोर.”

काकांनी चिमीकडे पाहिले, आईकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले.

“मिळाला,” ते म्हणाले.